आईला नमस्कार सांगा

...आणि माझी दाढ ताटलीत टाकता टाकता म्हणतो कसा, "आईला माझा नमस्कार सांगा!" अहो, तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर, आणि हा आतला डॉक्टर हातात पकड घेऊन विचारतोय, "आई कशा आहेत? अजून खेळतात का? काय तो त्यांचा शेवटचा फटका, अहाहा!" आता मी काय सांगणार? "आ... आ..." एवढंच निघालं. त्याला वाटलं मी भारावलो!

बसा, बसा, तुमचा नंबर यायला वेळ आहे. मलाही रक्त थांबेपर्यंत इथेच बसायला सांगितलंय. बोलू नका म्हणालाय, पण त्याचं कोण ऐकतंय...

तुम्हाला सांगतो, आई प्रसिद्ध असायला माझी हरकत नाही. गायिका असावी, वकील असावी. पण गोल्फ खेळणारी असू नये, आणि असलीच तर पोराने तरी गोल्फ खेळू नये. आमच्याकडे दोन्ही झालं. आईने सहा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्यातली एक, मी पोटात सातव्या महिन्याचा असताना. म्हणजे हिशेबाने बघाल तर एक मीही जिंकलोय. ती पहिली आणि तीच शेवटची!

वय एकोणचाळीस. सतरा वर्षं हाच धंदा. आणि दर स्पर्धेत काय होतं? मी पहिल्या होलपाशी काठी घेऊन उभा राहतो, माइकवाला सुरू करतो, "आणि आता येत आहेत, ज्यांच्या मातोश्रींनी..." मग पहिली स्पर्धा, दुसरी स्पर्धा, तिसरी... माझा हातमोजा ओला होतो, आणि सगळ्यात शेवटी, "...त्यांचे चिरंजीव!" संपलं. नाव नाही, गाव नाही. चिरंजीव! टाळ्या पडतात. कोणाला पडतात? मी फटका मारतो, चेंडू सरळ झुडपात. मागून आवाज येतो, "आईचा हात काही उतरला नाही हो." दुसरा म्हणतो, "नाक मात्र उतरलंय." आणि झुडपात चेंडू शोधायला जो माणूस येतो ना, तो खाली वाकून, गवत बाजूला करत, हळूच म्हणतो... बरोब्बर! आईला नमस्कार सांगा.

आणि आई? आईचं कौतुक म्हणजे "हं". फारच खूश असली तर "हं हं". मी "हं हं" दोनदा ऐकलंय, त्यातलं एक जावयाला होतं. ताईचा नवरा. तो बुद्धिबळ खेळतो.

तर यंदाची गोष्ट. बायको म्हणाली, "हे शेवटचं वर्ष हं." तशी ती दरवर्षी म्हणते, पण यंदा आवाज न चढवता म्हणाली. तेव्हा मी घाबरलो. मोसमातली शेवटची स्पर्धा. पहिल्या दहात आलो तर पुढच्या वर्षी खेळायला जागा, नाहीतर उरलेला जन्म क्लबमध्ये निवृत्त साहेबांना "कोपर सरळ, साहेब, कोपर" करत काढायचा. चार दिवसांचा खेळ. तीन दिवस असातसाच खेळलो, आणि चौथ्या दिवशी... काय झालं कोण जाणे! माइकवाल्याचा घसा बसलेला. खरंच सांगतो! कोणी काही बोललंच नाही. मी आपला गेलो, चेंडू ठेवला, मारला. सरळ! दुसरा, सरळ! सतरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की इथे मी एकटाच आहे. पासष्ट फटके! पासष्टमध्ये अठरा होल! आठवा नंबर! माझी काठ्यांची पिशवी उचलणारे काका आहेत, आयुष्यात कधी हसलेले नाहीत, ते रडले!

आता नीट ऐका हं. गोल्फमध्ये अंपायर नसतो. तुमचे फटके तुमच्याबरोबर खेळणारा लिहितो, मग तंबूत जाऊन तो कागद तुम्ही तपासायचा, खाली आपली सही करायची. सही करून तंबूबाहेर पाऊल टाकलं की बदल नाही. चूक निघाली तर घरी.

आणि शेवटचा होल ते तंबू, या वाटेत दोरीपलीकडे माणसं उभी असतात टोप्या घेऊन. "आईंची सही मिळवून द्याल का?" मिळवून कशाला? अहो, मीच करतो! दहा वर्षांचा होतो तेव्हापासून! आईचा हात दुखायचा, पाय गरम पाण्याच्या बादलीत, टेबलावर टोप्यांचा ढीग. म्हणाली, "तू कर रे, मला कंटाळा आलाय." एक मोठी गिरकी, लांब शेपूट, खाली दोन टिंबं. एकोणतीस वर्षं! एकदा तिने स्वतः केली, तर ती टोपी खोटी म्हणून परत आली! आणि माझी सही? माझी कोणी मागितलीच नाही कधी. हाताला सवय कशी लागणार?

तर त्या दिवशी वाटेत सात टोप्या आल्या. गिरकी, शेपूट, टिंबं. गिरकी, शेपूट, टिंबं. तसाच आनंदात तंबूत शिरलो, टेबलामागच्या बाईंनी कागद पुढे सरकवला... गिरकी, शेपूट, टिंबं! बाई म्हणाल्या, "सुंदर खेळलात! आईंना नमस्कार सांगा." मी बाहेर. आईला फोन लावतोय, घंटा वाजतेय, आणि मागून, "अहो, जरा आत येता का?"

मी बघितलं. कागदावर माझ्या सहीच्या जागी आईची सही!

समितीचे म्हातारे अध्यक्ष भला माणूस. म्हणाले, "सही कशीही असो, तुमची नेहमीची असली म्हणजे झालं. आहे का?" म्हणजे वाट मोकळी! नुसतं म्हणायचं, हो, मीच करतो ही, एकोणतीस वर्षं. तोंड उघडलं. तेवढ्यात बाई म्हणतात, "ही सही मी ओळखते ना. या सहीची टोपी आमच्या दिवाणखान्यात चौकटीत आहे. आमचे वडील आजारी होते, तरी तीन तास उन्हात उभे राहिले होते माझ्यासाठी. ते गेल्यावर तेवढंच राहिलंय." आणि डोळे पुसतात!

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? "बाई, ती टोपी मी चड्डीत बसून रंगवली" असं सांगितलं असतं? माझ्याने नाही झालं. म्हणालो, "नाही. ही आईची सही आहे." बाद! सतरा वर्षं... बाद! फार वाईट वाटलं हो. अजून वाटतं. काका पिशवी तिथेच ठेवून निघून गेले.

घरी आलो, आईला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या नावासाठी गप्प बसलो. आईने कागदाची नक्कल डोळ्यांपासून लांब धरली. पासष्टकडे बघितलं. म्हटलं, आता... आता "हं हं" येणार! आई म्हणाली, "मग सांगायचं ना, तूच करतोस म्हणून. मला काय त्याचं? आणि शेपूट जास्त वळलंय." मग म्हणाली, "बस, क्लबच्या दोनशे टोप्या आल्यात. आता तुला सवडच आहे."

तेव्हापासून भेटेल त्याला खरं सांगत सुटलोय. साहेबांना शिकवताना सांगतो, रिक्षात सांगतो. कोणी विश्वास ठेवेल तर शपथ! "काय विनोदी आहात हो तुम्ही!" म्हणतात.

काय म्हणता बाई? तुमचा गाल सुजलाय, हळूच बोला... हो, हो, त्यांचाच मी मुलगा. सही? डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे? आईंची... मिळवून देऊ?

देतो की. पेन आहे?