खालचा अर्धा मजकूर

मी, खाली सही करणारा, वय बावन्न वर्षे, धंदा वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिणे, राहणार तिसरा मजला, जिन्यालगतचे घर, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझ्या फोनची बॅटरी चार टक्के होती, ही माझी खासगी बाब आता सबंध इमारतीला ठाऊक झाली आहे. याबद्दल माझी तीव्र हरकत असून ती आधी नोंदवावी.

आमच्या इमारतीचे सचिव माझे बालमित्र. ते यंदा पद सोडत आहेत. निरोपासाठी पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सर्वांकडून आठवणी मागवल्या. मी माझी फोनमध्ये लिहून तिचा स्क्रीनशॉट पाठवला. म्हाताऱ्या मंडळींना ठळक दिसावे म्हणून दंतवैद्यांनी सगळे स्क्रीनशॉट कापून मोठे केले व इमारतीच्या ग्रुपवर टाकले. माझ्या स्क्रीनशॉटमधली वरची बॅटरी राहिली, खालचा अर्धा मजकूर गेला. उरले ते असे : "जिन्यातले दिवे घालवत फिरणारा इतका चिक्कू माणूस मी दुसरा पाहिला नाही."

त्यावरून सचिवांनी बदनामीची तक्रार दिली. निरोपाला येणार नाही असे कळवले, आणि माझ्याशी बोलणे बंद केले. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तेव्हाचा अबोला मधल्या सुट्टीपर्यंतही टिकत नसे.

आज ठाण्यात आम्हा तिघांना समोरासमोर बसवले. सचिव म्हणाले, "चिक्कू कोण रे?"

"तूच. पण खालचं वाच ना."

"खाली काही नाहीच."

दंतवैद्य म्हणाले, "अहो, सगळं ठेवलं असतं तर अक्षर मुंगीएवढं झालं असतं."

"डॉक्टर, दाढ काढायला सांगितली, तुम्ही जबडाच हातात दिलात," असे मी बोललो. रागाने नव्हे.

हवालदारांनी मूळ स्क्रीनशॉट मागितल्यावरून खालचा मजकूर देत आहे : "पण बाबांचे पाय गेले त्या वर्षी हाच रोज संध्याकाळी त्यांना पाठुंगळीला घेऊन खाली न्यायचा, कारण त्यांना फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून रस्ता बघायचा असायचा. वर आणताना धापा टाकत म्हणायचा, 'काका, उद्यापासून तुम्ही मला उचला.' बाबा तिसऱ्या मजल्यापर्यंत हसत यायचे. घरात तेव्हा तेवढंच हसू होतं."

कट्टा अद्याप आहे. तिथे आता दुचाक्या लावतात.

वरील गोष्ट मी सचिवांना तोंडावर कधी म्हटलेली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

सचिवांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून माझ्या विनंतीवरून हा जबाब मोठ्याने वाचण्यात आला. पाठुंगळीचा भाग सचिवांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. त्यातून काही कापू नये.