इंजिन मागे असलेली गाडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या टूवूंबा मराठी मंडळाच्या प्रमुख डॉक्टर मयूराताई, आजचे सत्कारमूर्ती दत्तप्रसाद नाडकर्णी सर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे काका, त्यांना न्यायला कॅसल हिलहून आलेले त्यांचे चिरंजीव नचिकेतदादा, सूत्रसंचालन करणारे, माईक हातात असूनही वेळेत सोडणारे सलिलदादा, ब्रिस्बेनहून घाट चढून आलेले पाहुणे, आणि सकाळपासून स्वयंपाकघरात असल्यामुळे ज्यांना हे भाषण ऐकू येणार नाही अशा सर्व भगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी यतिन. जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मी इथल्या एका वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करतो. आलो होतो इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, इंजिनियरिंग शिकायला. दुसऱ्या वर्षी सोडलं. त्या वर्षी नाडकर्णी सर मला शिकवायला होते, म्हणजे माझ्या नापास होण्यात त्यांचाही थोडा हात आहे. हे वाक्य सलिलदादांनी घालायला सांगितलं होतं, लोक हसतील म्हणून. आपण हसलात, आभारी आहे.

मी लिहून आणलं आहे आणि वाचूनच दाखवणार आहे. न वाचता बोललो तर मधलं काहीतरी गाळेन, आणि आज काहीही गाळायचं नाही.

मला विषय दिला आहे काकांची छोटी गाडी. मयूराताई म्हणाल्या, बाकीचे काकांबद्दल बोलतील, तू गाडीबद्दल बोल, पाच मिनिटं. नचिकेतदादा फोनवर म्हणाले, "मेट, जरा हलकंफुलकं ठेव, बाबा अजून सावरलेले नाहीत." मी हो म्हणालो. नचिकेतदादा, मी तो शब्द पाळू शकणार नाही. सोमवारी काका घर विकल्याच्या कागदांवर सही करणार आहेत. त्यानंतर हे सांगून उपयोग नाही. काका आपलं गाव सोडून चालले आहेत, कारण त्यांना वाटतं की त्यांच्या हातून एक गोष्ट राहिली आणि त्यामुळे पद्माकाकू गेल्या. ते खरं नाही. खरं काय ते मला माहीत आहे. पण मला ते गाडीच्याच वाटेने सांगता येईल, दुसऱ्या वाटेने माझी जीभ उचलत नाही. म्हणून आधी गाडी.

ही गाडी म्हणजे फियाट पाचशे. १९५७ सालच्या जुलैमध्ये ती इटलीतल्या ट्यूरिन शहरात पहिल्यांदा लोकांपुढे आली. युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. लोक स्कूटरवर फिरत होते, पुढे मूल, मागे बायको. आपल्याला हे चित्र समजावून सांगायला हवं का? त्या लोकांना चार चाकं आणि डोक्यावर छप्पर देता येईल का, एवढाच प्रश्न त्या कंपनीपुढे होता. त्याआधी १९३६ सालीही त्यांनी एक छोटी गाडी केली होती, लोक तिला लाडाने छोटा उंदीर म्हणत. पण तिचं इंजिन पुढे होतं आणि पाण्याने थंड व्हायचं. नव्या गाडीला त्याहून कमी लोखंड, कमी जागा आणि कमी वजन हवं होतं.

मग त्यांनी एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. काका हे दरवर्षी मंडळात सांगायचे, बोटांवर मोजत. लांबी तीन मीटरला थोडी कमी. सिलिंडर फक्त दोन. ताकद तेरा हॉर्सपॉवर. छताच्या पत्र्याऐवजी कापड. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याचे पाइप नाहीत. इंजिन मागे, आणि त्याला थंड करायला नुसता वारा. मागच्या काचेखाली पत्र्याला बारीक फटी आहेत. तिथून पंखा हवा ओढतो, पत्र्याच्या आवरणातून ती सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाहेर टाकतो. काका म्हणायचे, "ही गाडी पाठीने श्वास घेते."

पहिले काही महिने ती फारशी खपली नाही. लोकांना ती फारच उघडीबोडकी वाटली. तेव्हा कंपनीने ताकद थोडी वाढवली, काचा खाली करायची सोय केली. दारं आधी उलट्या बाजूने उघडायची, ती १९६५ साली सरळ झाली. १९७५ पर्यंत ती बनत राहिली आणि मग बंद झाली. २००७ साली त्याच चेहऱ्याची नवी गाडी आली, पण तिचं इंजिन पुढे आहे आणि त्याला पाणी लागतं. काका तिला सून म्हणतात. चांगली आहे, पण आपल्या घरात वाढलेली नाही.

आपली गाडी १९६७ची. पिट्सवर्थजवळच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये गवताच्या गाठींमागे पडली होती. काकांनी ती ट्रेलरवर घालून आणली तेव्हा पद्माकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घरात एक पद्मा होती, पुण्याला दाराशी पद्मिनी होती, आता ही तिसरी कोण आणलीत?" मी तेव्हा नुकतंच शिक्षण सोडलं होतं. घरी फोन करायची हिंमत नव्हती. काकांनी मला बोलावलं आणि हातात पाना दिला. पुढची चार वर्षं दर शनिवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये होतो. छताचं कापड काकूंनी शिवलं, तीनदा उसवून. इंजिनभोवतीचं पत्र्याचं आवरण मी स्वतः बसवलं, प्रत्येक स्क्रू. हवा कुठून येते, कुठून जाते, ते मला डोळे मिटून सांगता येतं. हे लक्षात ठेवा, कारण मला पुढे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

त्या गॅरेजमध्ये मला जे शिकायला मिळालं ते युनीत मिळालं नाही. काका गाडी सुरू करायच्या आधी दर वेळी तेलाची पट्टी काढून बघायचे. दर वेळी. दुकानात जाऊन पाच मिनिटांनी परत यायचं असलं तरी. काकू चेष्टा करायच्या की माझं ब्लडप्रेशर एवढ्या वेळा बघितलं असतं तर. काका मला म्हणायचे, "यतिन, हिच्यात तापमान दाखवणारा काटा नाही. ती तक्रार करणार नाही. आपणच विचारायचं."

आता गेल्या वर्षीचा दसरा.

आपण सगळे याच हॉलच्या पार्किंगमध्ये होतो. रविवार होता. दरवर्षीप्रमाणे गाड्यांची पूजा. सगळ्यांनी आपापल्या गाडीला पुढे हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी पाचशेच्या पुढे हार घातला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, अरे, तिथे डिकी आहे, तू सामानाची पूजा करतोयस. सगळे हसले. काकाही हसले. आणि मी विचार केला, जसा मी नेहमी करतो, की हे बरोबरच आहे. पूजा यंत्राची. यंत्र मागे आहे, तर हार मागे हवा. मी गाडीत राहिलेली दुसरी माळ काढली. काकूंनी अंगणातल्या झेंडूची ओवलेली, मनगटाएवढी जाड. ती मागच्या काचेखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. वाऱ्याने उडू नये म्हणून बारीक तारेने, दोन्हीकडून घट्ट. त्या फटींवर.

निघताना पुढचा हार मी काढला, कारण नंबरप्लेट झाकली जात होती आणि त्याला दंड आहे. मागचा काढू का, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे रे, माळेसकट घरी न्यायची असते." मी राहू दिला. मला नियम आठवला तो नंबरप्लेटचा.

काका त्या दिवशी झब्ब्यात होते, हात काळे होतील म्हणून त्यांनी तेलाची पट्टी काढली नाही. आयुष्यात एकदाच. दोघं घाट उतरून हेलिडनला स्नेह्यांकडे जेवायला गेले. उतरताना इंजिनला काम नसतं. परत येताना आर्वो झाली होती, म्हणजे दुपार कलली होती, चढ होता, ऊन समोरून होतं. घाटाच्या मध्यावर इंजिन जाम झालं. काकांनी गाडी कडेला घेतली. त्यांच्या पायात चमक होती म्हणून काकू म्हणाल्या, बसा तुम्ही, मी ठेवते. आणि मागच्या गाड्यांना इशारा देणारा लाल त्रिकोण घेऊन त्या मागे चालत गेल्या. मागून एक युट आली, मागे उघडा हौदा असलेली गाडी, तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर ऊन होतं. पुढचं आपल्याला माहीत आहे. आपल्यातले बरेच जण त्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होते. गाडीला ओरखडाही नव्हता.

पोलिसांच्या कागदावर फक्त गाडी बंद पडली एवढं लिहिलं आहे. ती का बंद पडली हे कोणी विचारलं नाही. काकांनी कोणी न विचारताच उत्तर दिलं. मी तेल बघितलं नाही, असं त्यांनी तेराव्याला सांगितलं, त्यानंतर जो घरी येईल त्याला सांगितलं. त्यांनी लायसन परत करून टाकलं. ज्याला तेल बघायची आठवण राहत नाही त्याने स्टिअरिंगला हात लावू नये, असं ते म्हणतात. आपल्या गावात गाडीशिवाय माणूस काय करणार? त्यांच्या रस्त्यावर दोन तासांनी एक बस येते, रविवारी तीही नाही. म्हणून घर विकायचं, म्हणून कॅसल हिल. ज्या घरामागे काकूंचा झेंडू आहे ते घर.

गाडी त्यांनी माझ्याकडे पाठवली. नोव्हेंबरमध्ये मी इंजिन उतरवलं. सर्वांत आधी तेल बघितलं. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. स्वच्छ होतं. मग मी पत्र्याचं आवरण काढलं. आत पाकळ्या होत्या. पंख्याने ओढलेल्या, सिलिंडरच्या फिन्समध्ये, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पातळ पात्यांमध्ये, ठासून भरलेल्या, भाजून काळ्या झालेल्या. माळेचा दोराही होता. हवेला जायला बोटभर जागा उरली नव्हती.

नचिकेतदादा, काकांना पाणी द्या. पण त्यांना बाहेर नेऊ नका. माझं फार राहिलेलं नाही. सलिलदादा, तुमची चिठ्ठी मिळाली, वेळ संपली हे मला माहीत आहे.

त्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "तेल होतं का रे?" मी म्हणालो, "जुनं इंजिन आहे काका, नक्की सांगता येत नाही." हे मी म्हणालो. मला नक्की सांगता येत होतं. काका म्हणाले, "तू मला सांभाळून घेतोयस. देव तुझं भलं करो."

आपल्याला वाटेल, मग दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलं? मीही रोज स्वतःला तोच प्रश्न विचारला. आधी वाटलं, इंजिन दुरुस्त झाल्यावर सांगू. मग वाटलं, वर्षश्राद्धानंतर. मग घर विकायला काढल्याचं कळलं. एकदा मी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. ते काकूंच्या साड्यांच्या घड्या घालत होते, नचिकेतदादांकडे न्यायला. त्यांनी मला चहा केला, आणि मी तो पिऊन परत आलो. चहात साखर नव्हती, ते विसरले होते. तेही मी सांगितलं नाही. अकरा महिने मी एका माणसाला न केलेल्या चुकीचं ओझं वाहू दिलं, कारण ते खाली ठेवलं असतं तर मला उचलावं लागलं असतं. यापेक्षा वेगळं कारण मला सापडलं नाही. मी शोधलं.

आणि आज हे सगळ्यांसमोर का? एकट्यात सांगितलं असतं तर काकांनी मला गप्प केलं असतं. मी त्यांना ओळखतो. म्हणाले असते, झालं ते झालं, कोणाला सांगू नकोस. आणि बाहेर सगळीकडे ते तेलाचंच सांगत राहिले असते. आता तसं करता येणार नाही. इथे दीडशे माणसांनी ऐकलं आहे.

काका, कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे यानंतर तुम्ही मला गाडीची चावी देणार आहात. ती आज मी घेणार नाही. सोमवारच्या सहीबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. तुम्ही जायचं ठरवलंत तर नचिकेतदादांकडे जा, नातीसाठी जा, थंडी सोसत नाही म्हणून जा. पण तेलासाठी जाऊ नका. तुमचे हात चुकले नव्हते. त्या दिवशी झब्बा काळा करून तुम्ही पट्टी काढली असतीत, तरी ती बरोबरच निघाली असती आणि तुम्ही निघाला असतात. माळ तशीच असती.

आपण सर्वांनी मला बोलू दिलं, मध्येच थांबवलं नाही, याबद्दल अध्यक्षांचा आणि आपणा सर्वांचा आभारी आहे. समारंभाचा रंग मी घालवला, कोणाच्या घासात खडा आला असेल, बोलण्यात कुठे मान राखायचा राहिला असेल, तर माझ्या अपुऱ्या शिक्षणाकडे बघून तेवढं पोटात घाला. माळेबद्दलची माफी मात्र मी या सभागृहाकडे मागत नाही. ती देऊ शकणाऱ्या दोघांपैकी एकच जण आता आहे, आणि त्यांच्यावर दीडशे लोकांसमोर ती द्यायची वेळ मी आणणार नाही.

काका, जेवणं झाली की मी पार्किंगमध्ये थांबतो. तुम्ही दुसऱ्या दाराने गेलात, तरी मला ते समजेल.

नमस्कार.