चाकाखालची लिंबं

(म्हैसूर. आयुधपूजेची दुपार. ओट्यावर अप्पा, येझदी मोटरसायकलींच्या आता बंद पडलेल्या कारखान्यातले जुने कामगार. त्यांची मुलगी वनजा कंपनीतली पूजा आटोपून बसने नुकतीच घरी पोचली आहे.)

वनजा : लिंबं चिरडलीत, अप्पा. गाडी कुठंय?

अप्पा : आलीस? पूजेचे चुरमुरे दिले का कंपनीत?

वनजा : दिले. गाडी कुठंय?

अप्पा : आधी पाणी पी. उन्हाची आलीस.

वनजा : सकाळी दोन्ही चाकांखाली लिंबं मी ठेवली. म्हटलं आज येझदीला सुट्टी, बसने जाते, संध्याकाळी येऊन लिंबांवरून काढीन. तुम्हाला तर आता किकही मारवत नाही. कोण बसलं गाडीवर?

अप्पा : लोहित आला होता.

वनजा : बेंगळुरूहून? न सांगता?

अप्पा : स्वतःच्या घरी यायला सांगायचं काय? सणाला पोरगा आला, जेवला, पूजेला बसला. कोहळा त्यानंच फोडला. एका फटक्यात, हो!

वनजा : आणि लिंबांवरून गाडीही त्यानंच काढली.

अप्पा : घरात मुलगा असल्यावर त्यानंच काढायची असते.

वनजा : पूजेनंतर लोक कोपऱ्यापर्यंत फेरी मारतात, अप्पा. कोपऱ्यावर बघूनच आले मी. नाहीये तिथे.

अप्पा : बेंगळुरूला नेली.

वनजा : आणून कधी देणार?

अप्पा : अगं, त्याच्या ऑफिसातले लोक जुन्या गाड्या काढतात रविवारी. रांगेनं जातात म्हणे, फोटो काढतात. त्याला कमीपणा वाटतो. येझदीच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाचा मुलगा, आणि त्याच्याकडेच नाही...

वनजा : आणून कधी देणार?

अप्पा : दिली मी त्याला.

वनजा : दिली.

अप्पा : अशी बघू नकोस. त्यानं मागितली, वनजा. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा त्यानं माझं काहीतरी मागितलं. "अप्पा, तुमची गाडी मला द्या," म्हणाला. माझ्या तोंडून 'नाही' निघेना. तू कधी मागितली नाहीस.

वनजा : मी रोज चालवते ती! सकाळी नंजनगूडला कंपनीत, संध्याकाळी परत. गेटावरचा वॉचमन आवाज ऐकूनच फाटक उघडतो, मी दिसायच्या आधी. जी रोज चालवते ती मागायची कशी असते, अप्पा? हात जोडून?

अप्पा : आवाज वाढवू नकोस. शेजारी माणसं आहेत.

वनजा : ऐकू दे. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं, अख्ख्या गल्लीत धूर झाला, तेव्हा तुम्ही याच ओट्यावरून ओरडलात, "वनजा, ही आता तुझी!" तेही शेजाऱ्यांनी ऐकलंय.

अप्पा : आनंदात माणूस काहीही बोलतो.

वनजा : असं होय?

अप्पा : तसं नव्हे गं... कागद माझ्याच नावावर होते. आणि तू काय, आज ना उद्या...

वनजा : लग्न होऊन जाईन? चौतीस सरलं, अप्पा. बघायला येणारेही थकले. आता तर ते लोक येझदीचीच चौकशी करून जातात.

अप्पा : हसतेस का?

वनजा : रडू का मग? आई गेल्यावर तुम्ही त्या खुर्चीतून उठत नव्हतात. गाडी न्हाणीमागे पडलेली, टाकीखाली शेजारच्या कोंबड्या अंडी घालायच्या. लोहित म्हणाला, भंगारवाल्याला द्या. मी तुमच्यापुढे एक नट आणून धरला नि विचारलं, हा कसा काढायचा? मला येत होतं काढायला. तुम्ही उठावं म्हणून विचारलं.

अप्पा : माहीत आहे मला.

वनजा : तेव्हापासून दर रविवार. माझ्या नखातलं काळं भांडी घासूनसुद्धा जात नव्हतं. तुमच्याबरोबरच्या पुट्टस्वामीमामांनी कारखाना बंद झाल्यापासून मेणकागदात जपून ठेवलेला पिस्टन, तो मागायला त्यांच्या दारात किती वेळा गेले मी? तुम्ही नाही गेलात. तुम्हाला लाज वाटत होती.

अप्पा : पुट्टस्वामी कुणाला देत नव्हता तो. तुला दिला.

वनजा : मला दिला! परक्या माणसाला कळलं कुणाला द्यायचा ते. तुम्ही केसानं गळा कापलात, अप्पा. मी बसमध्ये उभी होते तेव्हा.

अप्पा : असं बोलू नकोस, बाळ.

वनजा : बाळ नका म्हणू. पाणी पिते मी... अप्पा, हा डबा इथे फडताळात कसा?

अप्पा : कसला डबा?

वनजा : तेलाचा. माप पण इथेच आहे. त्यानं तेल नेलं नाही?

अप्पा : घेतलं असेल पंपावर. पाकिटं मिळतात.

वनजा : पेट्रोलात तेल मिसळायचं, हे सांगितलंत त्याला?

अप्पा : हे काय सांगायचं? आपल्या घरातला पोरगा...

वनजा : आपल्या घरातल्या पोरानं कधी टाकीचं झाकण उघडलंय? त्याच्या नव्या गाडीला नाही लागत तसलं काही! अप्पा, सणाचे दोन दिवस गाडी कोपऱ्यापलीकडे जाणार नव्हती म्हणून टाकी मी तळाला आणून ठेवली होती. म्हणजे पहिल्या पंपावर त्यानं कोरं पेट्रोल भरलं असणार. घासून घासून पिस्टन तापेल, आवळेल. भर रस्त्यात मागचं चाक जाम. क्लच दाबायचं सुचणार आहे त्याला?

अप्पा : देवा रे. लाव, फोन लाव. घाईत राहूनच गेलं गं. हार घाल, कोहळा आण, गडबडच झाली.

वनजा : वाजतोय. उचलत नाही.

अप्पा : हेल्मेटात ऐकू येत नसेल. परत लाव.

वनजा : लावतेय ना! वाटेत मद्दूरला वडा खायला थांबला तर बघेल. तिथवर गेली तर.

अप्पा : वनजा, त्याला काही झालं तर...

वनजा : गप्प बसा, अप्पा. माझाही भाऊच आहे तो... थांबा. त्याचाच आला. लोहित! कुठे आहेस?

लोहित : अक्का! किती मिस्ड कॉल! मद्दूरला आहे, वडा खातोय. अक्का, काय गाडी आहे गं! माणसं वळून वळून बघतात.

वनजा : पेट्रोल कुठे भरलंस?

लोहित : मंड्याला. टाकी फुल्ल. आणि गंमत सांगू? आधी मागून फार धूर येत होता, मलाच लाज वाटत होती. पेट्रोल भरल्यावर हळूहळू बंदच झाला. एकदम स्वच्छ! चढावर जरा दम लागतो तिला, पण जाते.

वनजा : गाडीला हात लावू नकोस. किक मारायची नाही. ऐकतोयस? ती तुझ्या गाडीसारखी नाही. तिला पेट्रोलातूनच तेल मिळतं. धूर थांबला म्हणजे तेल संपलं.

लोहित : म्हणजे? मी... बिघडवली का?

वनजा : माहीत नाही अजून. आधी सावलीत पूर्ण गार होऊ दे. मग पंपावर जाऊन टू-टी तेल माग, टू-टीच. लिटरमागे किती ते मेसेज करते. टाकीत ओतलंस की झाकण लाव आणि गाडी दोन्ही अंगांनी हलव, ताक घुसळल्यासारखी. मग किकची दांडी हातानं हळू दाब. अडली तर जोर करू नकोस, टेम्पोत घाल. मोकळी फिरली तर चालू कर आणि घरी जाईपर्यंत पळवू नकोस. उतारावर गॅस एकदम सोडायचा नाही, तेव्हाच ती कोरडी पडते. आणि जरा जरी गुरगुरली तरी आधी क्लच.

लोहित : थांब, थांब, लिहून घेतो. अक्का, तुला एवढं सगळं कसं माहीत?

वनजा : कसं म्हणजे?

लोहित : नाही, तू चालवतेस ते माहीत होतं. पण इंजिनातलं... अप्पा म्हणाले, सगळी गाडी त्यांनी आणि पुट्टस्वामीमामांनी मिळून उभी केली.

वनजा : कधी म्हणाले?

लोहित : आज. पूजेच्या वेळी. आधीही सांगायचे की फोनवर. का गं?

वनजा : काही नाही. अप्पा इथेच आहेत, त्यांनाच विचार. घ्या, अप्पा. सांगा त्याला मला कसं माहीत ते.

अप्पा : अं... लोहित.

लोहित : हां, अप्पा.

अप्पा : अक्का सांगते तसं कर. तिचं बरोबर असतं. ती... आम्ही काम करायचो ना, तेव्हा असायची इथे. बघत.

लोहित : बरं, अप्पा. ठेवतो. अक्काला थँक्स सांगा.

अप्पा : वनजा... थँक्स म्हणतोय.

वनजा : ऐकलं.

अप्पा : अगं, फोनवर लगेच काय सांगणार? पुढच्या वेळी येईल तेव्हा नीट...

वनजा : बसा तुम्ही.

अप्पा : कुठे निघालीस?

वनजा : लिंबं उचलते दारातली. अंधारात तुमचा पाय घसरायचा.