कुत्र्याच्या छत्र्या

मला खडूस म्हणायचं तर म्हणा, पण त्या दिवशी मी तो रस्सा होऊ दिला नाही म्हणजे नाही.

झालं काय, इथे अमेरिकेत, रेडमंडला आमच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा. नवऱ्याचा मित्र नितीन सकाळी जंगलातल्या ट्रेलवर फिरायला गेला होता. तिथून पिशवीभर पांढरी मशरूम घेऊन थेट माझ्या किचनमध्ये हजर. "वहिनी, अळंबी! मस्त मालवणी रस्सा करू."

मी म्हटलं, "या कुत्र्याच्या छत्र्या आहेत. माझ्या कढईत पडणार नाहीत."

"अहो, आमच्या सावंतवाडीला सेम टू सेम उगवतात. लहानपणापासून खातोय."

"सावंतवाडीची सावंतवाडीला खा. इथल्या जंगलातलं तुम्हाला काय माहिती?"

"ॲपमध्ये फोटो टाकला ना! एडिबल म्हणतंय."

"ॲप बसणार आहे का पंगतीला?"

सगळे हसले आणि नितीनचा चेहरा पडला. नवरा कानाशी येऊन पुटपुटला, "अगं, जाऊ दे ना यार, वाईट वाटेल त्याला."

"वाटू दे," मी मोठ्यानेच म्हटलं. पिशवी उचलली, कचऱ्यात रिकामी केली आणि कुणाला परत मोह नको म्हणून वरून चहाचा चोथा ओतला.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर मला छत्रीवहिनी म्हणतात. परवा नवरा म्हणाला, "बघ, लोक नावं ठेवतात तुला."

म्हटलं, "ठेवू देत. नावं ठेवायला सगळे जिवंत आहेत ना?"