डिंकाचे लाडू

त्या दुष्काळात लातूरच्या प्लास्टिक सर्जनकडं भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आलेल्या केवळाबाईनं मान वळवली न्हाई, पण कान मागच्या बाकावरच ठेवले. तिथं उदगीरच्या शांतम्मा आणि त्यांची सून जगदेवी बसल्या होत्या.

"आत्या, दोन लेकरांनंतर छाती उतरली म्हणून ऑपरेशन केलं मी. डॉक्टरीणबाईंनी डाळ, पनीर, ताक घ्यायला सांगितलं. तुम्ही डिंकाचे लाडू अन् हळिवाची खीर कशाला देताय?"

"टाके भरून येत्यात."

"गल्लीत वास जातो. बायका समजल्यात, मी बाळंत झाले."

"समजू दे की."

"पोट कुठं दिसलं होतं माझं?"

"दुष्काळातलं लेकरू. दिसून दिसून केवढं दिसणार?"

"अन् बघायला आल्या तर?"

"सव्वा महिना दाखवत न्हाईत, नजर लागती म्हणून सांगितलंय."

"पण एवढं खोटं कशापायी?"

"तुला घागर उचलायची मनाई. मी म्हातारी टँकरपाशी कवा पोचणार? आता बायकाच म्हणत्यात, घरात बाळंतीण हाय, शांतम्माला आधी भरू द्या. वर घागरी दारापर्यंत आणून देत्यात."

"उदगीर जिल्हा झाला की नळाला रोज पाणी येणार म्हणे."

"तवर तुझं अजून एक बाळंतपण काढू."

"हसवू नका आत्या, टाके ओढत्यात."

शांतम्मानं लाडवाचा डबा पुढच्या बाकावर सरकवला. केवळाबाईनं एक लाडू उचलला.

"बारसं कवा हाय मग?"

"पाऊस पडू द्या की, बाई."