खोटेपणात नऊपैकी नऊ

(नागपूर, १९७४. मनोरुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ मधुसूदन यांची खोली. समोर भरती असलेला देवाजी आणि त्याला न्यायला उमरेडहून आलेली थोरली बहीण सिंधूताई.)

सिंधूताई : म्हंजे माहा भाऊ खोटारडा हाय, असं म्हनून राहिले तुमी?

मधुसूदन : मी नाही, चाचणी म्हणते. प्रश्नावलीतून माणसाचा स्वभाव मोजतात. किती बोलका, किती घाबरट. त्यातच खोटेपणा पकडायचे नऊ प्रश्न पेरलेले असतात. यांना नऊपैकी नऊ.

सिंधूताई : आमी मागावरचं लुगडं मोजतो, तुमी मानूस मोजता. गज कोनाचा हाय?

मधुसूदन : विलायतेचा.

सिंधूताई : तरीच.

मधुसूदन : देवाजी, ‘कधी कधी खोटं बोलता का?’ तुम्ही लिहिलंत, नाही.

देवाजी : नाहीच बोलत, साहेब.

मधुसूदन : पाठीमागे कुणाची निंदा?

देवाजी : नाही.

मधुसूदन : अहो, असा माणूस जगात नसतो. मीसुद्धा खोटं बोलतो.

सिंधूताई : ते दिसून राहिलं. साहेब, यानं छप्पन साली दीक्षा घेतली. खोटं न बोलाचं शील हाय आमचं. बाकीचे सांभाळून घेतात, हा पाळते. माह्या पोरीची सोयरीक मोडली यानं. पाहुण्याईले सांगून आला, पोरगी मॅट्रिक नापास हाय म्हनून.

मधुसूदन : म्हणजे आजार जुनाच आहे.

सिंधूताई : बायको मेली तं यानं जेवन सोडलं, म्हनून आनला इथं. आता जेवते, झोपते. तुमीच म्हनले, बरा झाला.

मधुसूदन : दिसतो बरा. पण उत्तरंच खोटी असतील तर मी कशाच्या जोरावर लिहू? माझ्या शेऱ्याशिवाय मोठे डॉक्टर सोडत नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू.

सिंधूताई : आनखी महिना? याची पोरगी रोज एस.टी. स्टँडवर जाऊन बसते. माय गेली, आता बाबाबी गेला म्हंते.

देवाजी : शामला म्हंते असं?

सिंधूताई : मंग कोन?

देवाजी : साहेब, काय लिहिलं म्हंजे सोडान?

मधुसूदन : खरं लिहा. सगळे लिहितात तसं.

देवाजी : कधी कधी खोटं बोलतो, असं?

मधुसूदन : असंच.

देवाजी : निंदा करतो?

मधुसूदन : सगळेच करतात हो.

देवाजी : द्या तो कागद... घ्या. पाहा आता.

मधुसूदन : वा. नऊपैकी दोन. आता कसा प्रामाणिक माणूस वाटतो. न्या, ताई, घरी न्या.

सिंधूताई : चाल गा लवकर. दुपारची एस.टी. सापडन. शामला वाट पाहून राहिली.

देवाजी : पयले विहारात जाऊ, ताई. भन्तेजीले पुन्हा शील मांगतो. असाच कसा जाऊ तिच्यापुढं?