टोपीवाला उभाच!

आणि टोपीवाला उभाच! नाही, तुम्हीच सांगा, दाराशी डॉक्टर बसवला, त्याच्या शेजारी चोर, चोराच्या शेजारी पोलीस, तिकडे खिडकीशी आजीबाई, आजीबाईंच्या शेजारी गायिका, सगळे कसे गालात हसतायत, सगळ्यांच्या डोक्यावर हिरवी बरोबरची खूण लुकलुकतेय, आणि हा एक पठ्ठ्या टोपी छातीशी धरून टेबलाच्या कडेला उभा! माझ्याकडे बघतोय! मी काय करू रे बाबा? मी का तुला जन्माला घातलाय?

मोबाइलवरचा गेम हो. तुम्हाला सांगतो, मी गेम खेळणारा माणूसच नाही. मी खुर्च्या दुरुस्त करतो. सोफे, खुर्च्या, स्टुलं, ज्याच्यावर माणूस बसतो ते सगळं आमच्या दुकानात येतं. शाळा मी लवकर सोडली, कोडं दिसलं की मी अजून पान उलटतो. मग हा गेम मोबाइलमध्ये आला कसा? तर समोरच्या पडदेवालीमुळे!

पडदेवाली म्हणजे आमच्या समोरच्या शिवणाच्या दुकानातली मुलगी. पडदे शिवते आणि आमच्या गाद्यांच्या खोळीही शिवून देते. मी खोळी आणायला जातो. इतक्या दिवसांत आमचं बोलणं किती? मी म्हणतो, "झाली का?" ती म्हणते, "झाली." की मी खोळ उचलतो आणि परत! रस्ता ओलांडेपर्यंत मनात काय काय सुंदर वाक्यं येतात म्हणून सांगू... पण ती वाक्यं येतात इकडे परतताना. तिकडे असताना फक्त "झाली का?"

तर त्या सोमवारी गेलो, बाईसाहेब मशीनवर हनुवटी टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या. आणि काय सांगू तुम्हाला, आपणहून बोलली! म्हणाली, "अहो, हे बसवाबसवीचं कोडं बघा ना जरा. सुटता सुटत नाही. तुम्ही दिवसभर खुर्च्यांतच असता, तुम्हाला जमेल. सुटलं की मला सांगायला या हं. पण शनिवारपर्यंत! शनिवारी माझा इथला शेवटचा दिवस. मी पुलापलीकडच्या मोठ्या दुकानात चाललेय."

आता यावर माणसानं काय म्हणावं? "अरेरे" म्हणावं, "का हो?" म्हणावं... मी काय म्हणालो असेन?

"झाली का?"

सवय हो, सवय! ती म्हणाली, "झाली," आणि मी खोळ घेऊन परत. पण डोक्यात पक्कं ठरलं. कोडं सुटलं तर शनिवारी सांगायला जायचं. नाही सुटलं तर कुठल्या तोंडानं जायचं? पुलापलीकडे कोण जातो खोळी शिवायला?

गेम घेतला. लांब टेबल, एका बाजूला ओळीत खुर्च्या, आणि दारात सहा पाहुणे खोळंबलेले. प्रत्येकाचा तोरा! डॉक्टर म्हणतो, मला दाराशीच बसायचं, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. आजीबाई म्हणतात, मला खिडकीशी, आणि शेजारी गायिका, कारण मला कमी ऐकू येतं. पोलिसाला चोर शेजारी हवा. टोपीवाला म्हणतो, चोर माझ्या शेजारी नको, टोपी जाईल. आणि शेवटी अगदी हळूच काय म्हणतो माहितेय? "मला गायिकेच्या शेजारी बसायचंय, पण मला लाज वाटते."

झालं! मी त्याच क्षणी त्याचा झालो. म्हटलं, तू घाबरू नकोस, मी आहे. तुला बसवल्याशिवाय जेवणार नाही! जेवलो नंतर, ते सोडा.

बसवायला घेतलं. पाच बसले. टोपीवाला उभा. म्हटलं, पोलीस उठवू. पोलिसाच्या जागी टोपीवाला. तर पोलीस उभा, चोर पळायला मोकळा, टोपीवाल्यानं टोपी शर्टात लपवली! आजीबाईंना उठवलं. हे आईनं मागून पाहिलं. आईला चष्म्याशिवाय मोबाइलमधलं काही दिसत नाही, पण एवढं बरोबर दिसलं! "अरे, लाज नाही वाटत? म्हाताऱ्या बाईला उभी करून त्या दांडग्याला बसवतोस? हेच शिकवलं का मी?" मी म्हटलं, आई, ते चित्र आहे. "चित्र असली म्हणून काय गुडघे दुखत नाहीत?" आता याच्यावर बोला! बसवलं आजीबाईंना परत. टोपीवाल्याला त्यांच्या मांडीवर ठेवून पाहिला. आजीबाई किंचाळल्या, गेम थरथरला, वर अक्षरं आली, "थोडा विचार करा!" अरे, मी दुसरं काय करतोय? हातात पटाशी, डोक्यात टोपीवाला! एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला मी तीन हात लावले, दोन इकडे आणि एक...ते जाऊ द्या.

इशारा मागावा म्हटलं तर आधी जाहिरात बघा. जाहिरातीत एक राजा खड्ड्यात बुडतोय. त्याला वाचवा म्हणे! माझा माणूस उभा आहे इकडे, तुमच्या राजाला कुठे धरू? मन घट्ट करून त्याला बुडू दिला, आणि इशारा काय आला? "टोपीवाल्याची जागा गायिकेजवळ आहे." अरे, ते मला माहीत आहे! त्यालाही माहीत आहे! प्रश्न तो आहे का? बसायचं कशावर?

शेवटी आमच्या काकांना दाखवलं. काका म्हणजे दुकानाचे मालक, सगळी कारागिरी मला त्यांनीच शिकवलेली. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "खुर्च्या बऱ्या आहेत. पण ही मधली बघितलीस का? मागचा डावा पाय आखूड आहे."

मी म्हटलं, "बघितली ना, काका. सगळ्यात आधी तीच बघितली."

"मग तिच्यावर कोणाला बसवू नकोस."

"छे हो! कसा बसवीन?"

"शाब्बास. आधी दुरुस्ती, मग माणूस." आणि मोबाइल परत दिला.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. एकाच्याही! उलट मला बरं वाटलं, की मोडकी खुर्ची ओळखली म्हणून काकांनी शाबासकी दिली. आणि टोपीवाला उभाच!

उजाडला शनिवार. दुपारी आई डबा घेऊन आली. तेवढ्यात दाताचे डॉक्टर आले, त्यांच्या दवाखान्यातल्या सहा खुर्च्या आमच्याकडे दुरुस्तीला होत्या. पाच तयार, सहावीचा पाय काकांनी सकाळीच सरसानं चिकटवून, दोरीनं बांधून सुकायला ठेवला होता. खुर्च्या न्यायला टेम्पोवालाही आला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या पाच खुर्च्या ओळीत मांडल्या आणि म्हटलं, "जरा बसता का सगळे?" मी! जो "झाली का"च्या पुढे जात नाही तो!

डॉक्टरांना डॉक्टर केलं, दाराशी. टेम्पोवाल्याला म्हटलं, तू चोर. तो भडकला, "मीच का? माझं तोंड तसं आहे का?" पोलीस काका. काकांना इतका आनंद झाला की बसल्या बसल्या त्यांनी त्याची मानगूटच धरली. "काल येतो म्हणालास आणि कुठे होतास? बोल!" तो म्हणतोय, "अहो काका, खेळ आहे ना हा?" काका म्हणतायत, "चोर असंच म्हणतो!" आई खिडकीशी बसली, गुडघे चोळत म्हणाली, "बघा, मला बसायला मिळालं एकदाचं." दाताचे डॉक्टर शांतपणे विचारतायत, "मला नक्की कधी बोलावणं येणार आहे?" आईच्या शेजारची खुर्ची रिकामी. गायिका नाही! आणि मी उभा. टोपी म्हणून हातात काय? आईच्या डब्याचं झाकण!

तेवढ्यात दारात कोण? पडदेवाली! हातात आमच्या शेवटच्या खोळी. म्हणाली, "झाल्या."

मी म्हटलं, "झाल्या का?"

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं. आयांना ते कुठून कळतं? शाळेत शिकवतात का? "ये गं बाळ," म्हणाली, "इथे बस माझ्याजवळ. तू गायिका." ती बसली. खरंच बसली! मी घशातल्या घशात सांगितलं, की हे कोडं चुकीचं आहे, माणसं सहा आणि खुर्च्या पाच, मी सगळं करून पाहिलं, माफ करा.

ती म्हणाली, "पाच? अहो, सहा आहेत की!"

"सहावी मोडकी आहे."

"गेममधली?"

"मागचा डावा पाय आखूड आहे."

"आहेच," काका पोलिसाच्या खुर्चीतून गरजले. "मी स्वतः पाहिलंय!"

काकांच्या हातून टेम्पोवाल्याची मान सुटली. तिनं आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तोंडावर खोळ धरली, आणि खोळीतून हसू बाहेर यायला लागलं. "अहो," म्हणाली, "ते चित्र काढणाऱ्याचं चुकलंय! चित्रातली खुर्ची पडते का कधी?"

मी मोबाइल काढला. टोपीवाल्याला उचललं आणि त्या मधल्या खुर्चीवर ठेवलं. तो बसला! खुर्ची हललीसुद्धा नाही! पिपाण्या वाजल्या, रंगीत कागद उडाले, गायिकेनं त्याच्याकडे बघून पापण्या फडफडवल्या. काका पुटपुटले, "टिकायची नाही ती."

आणि ती म्हणाली, अगदी हळू, "मला सोमवारीच सुटलं होतं. म्हटलं, तुम्ही विचारायला याल, नाही तर सांगायला याल... काहीतरी बोलायला याल. आलातच नाही."

आता तुम्हीच सांगा, माझं काय झालं असेल! कानांत पिपाण्या, डोळ्यांपुढे रंगीत कागद! आणि ती उठली, कोपऱ्यातली ती सहावी खुर्ची ओढली, आपल्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, "बसा ना."

मी बसलो. "अरे, सरस ओला आहे!" काका ओरडले, पण तोवर मागचा पाय एकीकडे, दोरी दुसरीकडे आणि मी जमिनीवर, दाताच्या डॉक्टरांच्या पायाशी! त्यांनी वाकून आधी माझे दातच बघितले. "शाबूत आहेत," म्हणाले. आई म्हणते, "लागलं का रे?" टेम्पोवाला म्हणतो, "अटक करा याला!" आणि ती? ती हसता हसता रडायला लागली. जाताना दारात थांबून म्हणाली, "नव्या दुकानातली माझी खुर्ची डुगडुगते म्हणे. उद्या बघायला याल का?"

गेलो ना! पूल ओलांडताना मनात पंचवीस सुंदर वाक्यं जमवली आणि तिथे पोचल्यावर त्यांतली चक्क दोन बोललो! पायाचा सांधा सोडवला, घासला, असा मन लावून बसवला की काकांनी पाठ थोपटली असती. सरस लावला, दोरी आवळली. तोवर तिनं चहा आणला, स्वतः मशीनच्या स्टुलावर बसली आणि त्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बसा ना."

आता? दुकानात दुसरी खुर्ची नाही. टोपीवाला तिकडे मोबाइलमध्ये गायिकेशेजारी मांडी घालून बसलाय, मजेत. आणि मी? खुर्ची स्वतः दुरुस्त केलेली, शेजारी ती स्वतः, ती बसा म्हणतेय... आणि सरस ओला!

उभ्यानंच प्यायलो चहा. उद्या परत जायचंय, सुकला का बघायला.